आठवी खुर्ची

बुधवार, ५ तारीख

प्रिय बारके,

कालपासून तू फोन उचलत नव्हतीस, आज तर तो लागतच नाही. म्हणजे तू माझा नंबर बंद करून टाकलास. ठीक आहे. पत्राला असं बंद करता येत नाही, फार तर फाडता येतं. फाडण्याआधी हे एक पान तरी वाच.

काल गटचर्चा संपल्यावर मी चहा सांगायला उठले आणि तेवढ्यात तू टेबलावरची माझी वही उचललीस. ती मी मुद्दाम उघडी ठेवली नव्हती. तुझं नावही त्यात नव्हतं, आम्ही नावं लिहीत नाही, नुसते आकडे लिहितो. पण सहा नंबरची बाई म्हणजे आपण, हे तुला लगेच कळलं, कारण लस दिल्यावर मुलाला झटका आल्याची हकिकत तिथे एकट्या तूच सांगितली होतीस. आणि सहाच्या पुढे, शेवटच्या रकान्यात, माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘वळेल. बहिणीमार्फत दबाव आणता येईल.’

तू वही जशी होती तशी खाली ठेवलीस, पिटुकलीला कडेवर घेतलंस आणि चपला अर्धवट पायात सरकवून जिना उतरलीस. तू काहीतरी बोलली असतीस तर बरं झालं असतं, गं.

आता माझी बाजू ऐक. मुलांच्या लसीबद्दल लोकांना काय वाटतं, हा अभ्यास तीन ठिकाणची माणसं मिळून करतात. विद्यापीठाच्या सरांना ‘कारण काय’ हा रकाना हवा असतो. आरोग्य कार्यालयाला ‘वळेल का’ हा हवा असतो. आणि आमच्या संस्थेच्या बाईंना हवं असतं ‘आपल्याविषयी नाराजी आहे का’. मी तीन सासवांची एकटी सून. सगळ्यांचे रकाने भरते, आणि भरताना समोर कोण बसलंय ते विसरते. काल विसरले. हे माफ करण्यासारखं नाही, तरीही माफी मागते.

तुला बोलवायला नको होतं. पण गटाला आठ जणी लागतात आणि माझ्याकडे सात होत्या. नियम असा की लस न देणाऱ्या आया एका गटात बसवायच्या आणि देणाऱ्या दुसऱ्या गटात, म्हणजे कुणी कुणाला लाजवत नाही आणि सगळ्या मोकळं बोलतात. न देणाऱ्या सात जणी गोळा करता करता माझ्या चपला झिजल्या. आठवी खुर्ची रिकामी राहिली असती तर सरांनी अख्खा गट बाद केला असता. मग वर्षभर बोलणं नसताना तुझ्या दारात येऊन उभी राहिले. तुझ्या सासरच्यांसमोर तुला ‘शिकून सवरून अडाणी’ म्हणणारी हीच ती बहीण, असं तुझ्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. तरी तू दार उघडलंस. म्हणालीस, “तिथे मला कुणी शहाणपण शिकवणार नाही ना?” मी म्हटलं, “तिथे सगळ्या तुझ्यासारख्याच आहेत.”

आणि तू आलीस. माझ्यासाठी आलीस, हे मला कळतं.

पिटुकलीला तरी मजा आली. मधल्या दारातून मी मुलांच्या खोलीत बघत होते. लाल स्वेटरवाल्या मुलाला चिकटून बसली होती ती. त्याचं नाक वाहतंय, डोळे लाल, पण आपल्या बाईसाहेब त्याच्याच पेल्यातलं पाणी पितायत आणि वर त्यालाच दटावतायत. एवढ्याशा खोलीत अकरा मुलं, खिडक्या लावलेल्या, कारण रस्त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो म्हणून सरांची तक्रार असते. बाहेर आली तेव्हा सगळ्या पोरांचे गाल लालबुंद झाले होते.

नंबर सुरू कर. शिव्या घालायला का होईना, पण कर.

तुझी,
ताई

गुरुवार, ६ तारीख

प्रिय बारके,

कालचं पत्र दाराखालून सरकवलं होतं, मिळालं असेल. हेही तसंच सरकवते. पोस्टाने पाठवलं तर चार दिवस जातील, आणि... असो.

सहज लिहितेय. पिटुकली कशी आहे? सर्दी, खोकला वगैरे काही नाही ना? थोरला बरा आहे ना? हवा बदलली आहे, जिकडेतिकडे मुलं आजारी आहेत, म्हणून आपलं विचारलं.

आज आमच्याकडे बैठक होती. सकाळी दहाला सगळे बसले ते चारला उठले. एक तीन वाक्यांचं पत्रक लिहायचं होतं, बाकी काही नाही. सर म्हणाले पहिल्या वाक्यात ‘शक्यता’ हा शब्द हवा. बाई म्हणाल्या, दुसऱ्या वाक्याने लोक बिथरतील, पंधरा वर्षं दारोदार फिरून मिळवलेला विश्वास एका कागदाने जाईल. आरोग्य कार्यालयाचे अधिकारी म्हणाले, मला वाक्यं नकोत, मला आठ पत्ते द्या. मग सर म्हणाले, नावं कुणालाही देणार नाही असं आपण लिहून दिलंय, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. अधिकारी टेबलावर हात आपटून निघून गेले. मग तिघांची बोधचिन्हं पत्रकावर कुठल्या क्रमाने छापायची यावर अर्धा तास गेला. मला हसू यायला हवं होतं. मी पाणी पिऊन आले, आणि परत पिऊन आले.

कशावरून एवढं, ते सोड. कामाच्या कटकटी.

आणखी एक, बारके. उद्या दुपारी तीनच्या आत पिटुकलीला घेऊन आरोग्य केंद्रात जाशील का? उद्याच जा, आणि तीनच्या आत. परवा गेलीस तर उपयोग नाही. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या सिस्टर आहेत, माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांना माझं नाव सांग आणि तिला टोचून घे.

(इथे मी दोन ओळी खोडल्या आहेत. कागद उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.)

मी तुला वळवत नाहीये. त्या रकान्यातलं विसर. थोरल्याला झटका आला तेव्हा तो तुझ्या मांडीवर होता आणि मी जमिनीवर चमचा शोधत होते, त्याच्या दातांत धरायला. तो धरायचा नसतो हेसुद्धा तेव्हा मला माहीत नव्हतं. तुझी भीती मी डोळ्यांनी पाहिली आहे. तरी सांगते, उद्या जा. का ते विचारू नकोस. मला सांगता येत नाही. फक्त एवढं एक ऐक.

तुझी,
ताई

शनिवार, ८ तारीख

बारके,

काल तीन वाजले तेव्हा मी कचेरीतल्या घड्याळाखाली उभी होते. सव्वातीन वाजले. साडेतीन वाजले. मग मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

आता सगळं सांगते. त्या दोन खोडलेल्या ओळींत हेच होतं.

लाल स्वेटरवाल्या मुलाला गोवर आहे. मंगळवारी तो आपल्या मुलांमध्ये बसला तेव्हा अंगावर काही नव्हतं, नुसती सर्दी आणि कणकण. बुधवारी संध्याकाळी चेहऱ्यावर पुरळ उठलं. डॉक्टरांनी आरोग्य कार्यालयाला कळवलं. त्याच्या आईने सांगितलं, मंगळवारी आम्ही संस्थेत गेलो होतो. गुरुवारी सकाळीच जाड चष्म्याच्या सिस्टरांनी मला फोन केला. म्हणाल्या, “त्या खोलीत आणखी किती मुलं होती?” मी म्हटलं, “दहा.” त्या म्हणाल्या, “त्यातल्या किती जणांना लस दिलेली आहे?”

लस न दिलेल्यांचाच तर तो गट होता! गावभर पांगलेली, एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही न येणारी पोरं आम्ही शोधून शोधून आणली, एका खोलीत बसवली आणि खिडक्या लावल्या. सरांना सुचलं नाही, बाईंना सुचलं नाही, अधिकाऱ्यांना सुचलं नाही. आया मोकळेपणाने बोलाव्यात म्हणून काय काय करायचं याची आठ पानी नियमावली आहे आमच्याकडे. मुलांबद्दल तिच्यात एकच ओळ आहे: ‘बालकांसाठी शेजारच्या खोलीत खेळण्यांची व्यवस्था करावी.’ ती व्यवस्था मी केली.

गोवराच्या मुलाजवळ बसल्यापासून तीन दिवसांच्या आत लस दिली तर बहुतेक वेळा आजार टळतो. तीन दिवस म्हणजे शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत. म्हणून मी वेळ लिहिली. कारण मात्र लिहिलं नाही.

यादीच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते. खरं म्हणजे किल्लीचीही गरज नव्हती, आठही पत्ते मला तोंडपाठ आहेत. गुरुवारी सकाळी दहाला त्या बैठकीतून उठून मी आठ दारं वाजवली असती तर दुपारपर्यंत सगळं आटोपलं असतं. मी बसून राहिले. पत्रक विद्यापीठाच्या समितीकडे मंजुरीला गेलं, ती मंजुरी शुक्रवारी संध्याकाळी पाचला आली. ‘शक्यता’ हा शब्द त्यात टिकला.

का बसून राहिले ते खरं सांगते. सही केली होती, हे खरं आहे. नोकरी जाईल ही भीती, तीही खरी आहे. पण त्याहून मोठी भीती तुझी होती. मी तुला गोवर असं सांगितलं असतं तर तू पहिलं वाक्य काय बोलली असतीस ते मला ऐकू येत होतं. “तिथे तूच नेलंस.” तेवढं एक वाक्य ऐकायला नको म्हणून मी ‘सहज’ लिहिलं, ‘हवा बदलली आहे’ लिहिलं. आपल्याला पळवाट सापडली असं वाटलं होतं मला. नियमही मोडणार नाही आणि पिटुकलीलाही लस मिळेल. सिस्टरांनासुद्धा सांगितलं नाही की माझी बहीण येणार आहे, कारण तसं सांगितलं असतं तर गटातलं एक नाव फुटलं असतं. इतकी मी नियमाला धरून.

तू गेली नसणारच. वहीत ‘दबाव आणता येईल’ वाचलंस आणि दोन दिवसांत दबावाचं पत्र आलं. मीसुद्धा फाडलं असतं.

आता काय करायचं ते लिहिते. पुढचे दोन आठवडे तिला कुणाच्या बाळाजवळ नेऊ नकोस. ताप, लाल डोळे, कोरडा खोकला, गालांच्या आत पांढरे ठिपके, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखान्यात ने. पण जाण्याआधी फोन करून सांग की गोवर असू शकतो, नाहीतर तिथे रांगेत बसलेल्या मुलांना होईल. थोरल्याला गोवराची ती एक लस मिळालेली आहे, झटक्याच्या आधीची. त्याला बहुधा धोका नाही. पिटुकलीला काहीच मिळालेलं नाही.

होईलच असं नाही. त्या खोलीतल्या काही जणांना नाही होणार. मी हे स्वतःला दिवसभर सांगते आहे.

आता उठते. आठ दारं बाकी आहेत.

ताई

सोमवार, १० तारीख

बारके,

शनिवारी सात दारं वाजवली. आठवं तुझं होतं, तिथे फक्त पत्र सरकवलं. आतून पिटुकलीचा आवाज येत होता. भांडं आपटत होती बहुतेक. हात कडीपर्यंत गेला होता. नाही वाजवली.

एका घरी नवऱ्याने मला जिन्यातून खाली जाईपर्यंत शिव्या घातल्या. एका घरी आजीने बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेऊन विचारलं, “हे गुरुवारी कळलं म्हणता, आज कोणता वार?” त्या शिव्या सोसल्या मला. आजींपुढे मात्र मान वर झाली नाही. तीन नंबरची बाई, लाल स्वेटरवाल्याची आई, दार लावून आतच होती. दाराआडून म्हणाली, “माझ्यामुळे झालं म्हणून सांगायला आलात?” मी म्हटलं, नाही. तिला तर मीच तिसऱ्यांदा जाऊन गळ घातली होती. त्याला कणकण आहे, पुढच्या वेळी येते, म्हणाली होती ती. मी म्हटलं होतं, तासाभराचाच तर प्रश्न आहे.

हे मी तुला आधीच्या पत्रात लिहिलं नव्हतं. म्हणजे शनिवारीही सगळं सांगितलं नव्हतंच.

आज बाईंनी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, “तू दारात गेलीस, आता या वस्तीत आपल्याला कुणी उभं करणार नाही.” ओळखपत्र काढून घेतलं. सरांनी फोनवर सांगितलं की माझ्या वागण्याने अभ्यासाच्या विश्वासार्हतेला बाधा आली. अधिकारी म्हणे माझ्या बाजूने बोलले, पण दोन दिवस उशीर केला हेही म्हणाले. त्यांचं बरोबर आहे. आपण फार धाडस केलं असं शनिवारी मला वाटत होतं. वेळ निघून गेल्यावर केलेलं धाडस ते.

रस्त्यात कुठलंही मूल शिंकलं की मी थांबून त्याच्या चेहऱ्यावर पुरळ शोधते. दुकानातल्या बाईच्या कडेवर एक बाळ होतं, त्याच्या गालावर डास चावल्याचे दोन लाल डाग होते. मी सामान तिथेच ठेवून बाहेर आले. आज सहावा दिवस आहे. ताप यायचाच असेल तर साधारण दहाव्या दिवशी येतो. मी देवाला काही कबूल करत नाही, मला तेवढंही तोंड राहिलेलं नाही.

एक कागद बाहेर टाक. ‘बरी आहे’ एवढंच लिही. रोज संध्याकाळी मी तुमच्या जिन्यापाशी येऊन बघून जाते.

ताई

शनिवार, १५ तारीख

ताई,

तुझी सगळी पत्रं वाचली. उत्तर देणार नव्हते. पण आता एक गोष्ट तुला कळायला हवी, म्हणून लिहिते.

तुझं दुसरं पत्र मी आधी फाडलं. मग चार तुकडे ओट्यावर जोडून परत वाचलं. तू ‘सहज’ असं म्हणतेस तेव्हा काहीतरी भयंकर झालेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. बाबांना दवाखान्यात हलवलं तेव्हाही तू मला “सहज येऊन जा” म्हणाली होतीस.

मी गेले होते.

शुक्रवारी दोन वाजता मी आरोग्य केंद्रात होते. पिटुकलीला घेऊन. घरात कुणाला सांगितलं नाही. रिक्षात ती माझा अंगठा धरून बसली होती. थोरल्याचे फिरलेले डोळे सारखे समोर येत होते. तरी गेले, कारण तू इतकी घाबरलेली आहेस म्हणजे माझ्या भीतीपेक्षा मोठं काहीतरी असणार.

तुझ्या जाड चष्म्याच्या सिस्टर नव्हत्या. कुठल्या तरी गल्लीत आजारी मुलं बघायला गेल्या होत्या, असं कळलं. आता कळतं कुठे ते. खिडकीवर एक तरुण मुलगी होती. तिने कार्ड मागितलं. कार्ड कोरं. ती म्हणाली, “इतके महिने आला नाहीत, मग आजच काय घाई?” मी म्हटलं, माझ्या बहिणीने सांगितलंय. तुझं नाव सांगितलं. तिने ते कधी ऐकलं नव्हतं. मग जरा समजुतीने म्हणाली, “एका बाटलीत पाच मुलांची लस असते, मॅडम. एकीसाठी फोडली तर उरलेली लस चार तासांनी टाकून द्यावी लागते. बुधवारी या, बुधवारी पुष्कळ मुलं असतात.”

मी बाकावर बसून राहिले. अडीच वाजले. परत खिडकीशी गेले. म्हटलं, आजच द्या हो. ती म्हणाली, “पण कारण काय? गोवर-बिवर निघालाय का घरात कुणाला?” मी म्हटलं, नाही.

मी नाही म्हटलं, ताई. तिने स्वतःहून तो शब्द माझ्यासमोर ठेवला आणि मी नाही म्हटलं. मला माहीतच नव्हतं. तू दोन ओळी खोडल्या नसत्यास तर मी हो म्हटलं असतं आणि तिने बाटली फोडली असती.

बाहेर आले तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, तेही सांगते. बुधवारपर्यंत टळलं, असं वाटलं. तुझ्या कुठल्या रकान्यात बसतं बघ.

कालपासून पिटुकलीला ताप आहे. डोळे लाल आहेत. डॉक्टरांना फोन करून, आधी सांगून, मागच्या दाराने नेऊन आणलं.

येऊ नकोस.

रविवार, १६ तारीख

बारके,

तुझं पत्र मी जिन्यातच वाचलं. मग तिथेच पायरीवर बसून राहिले. वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “बरं वाटत नाही का?” मी त्यांना नाही म्हटलं, आणि मग हो म्हटलं.

तू जाणार नाहीस हे मी गृहीत धरलं होतं. आठवडाभर त्याच एका गोष्टीवर उभी होते. माझी चूक आहे, पण तूही गेली नाहीस, असं मनातल्या मनात अर्धं-अर्धं वाटून घेतलं होतं. तू गेली होतीस. सगळं माझ्याकडेच आलं.

येऊ नकोस म्हणालीस, म्हणून येत नाही. सूप, औषधं, धुतलेली फडकी, जे काही हवं असेल ते कागदावर लिहून पायरीवर ठेव. मी आणून तिथेच ठेवीन आणि तोंड न दाखवता जाईन.

मला भीती वाटते आहे. तुलाही वाटत असेल, आणि आपण दोघी एका दाराच्या दोन बाजूंना आहोत.

ताई

शुक्रवार, २१ तारीख, दवाखाना

बारके,

तुझी चिठ्ठी आयाबाईंनी आणून दिली. पिटुकलीला ठेवलंय त्या वेगळ्या खोलीत आईशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि तू माझा नंबर अजून सुरू केलेला नाहीस. तू लिहिलंयस, ‘इथे सगळे माझ्याशी गोड बोलतात. डॉक्टर दारातून बघून जातात. तू बाहेर त्यांना गाठ आणि विचार. ते म्हणतील ते तसंच्या तसं लिही. तुझी भाषा घालू नकोस.’

डॉक्टरीणबाईंना आत्ता जिन्यापाशी गाठलं. मी कोण ते सांगितलं. तिथे मुलीला मीच नेलं होतं, हेही सांगितलं. मग विचारलं. त्या जे बोलल्या ते लगेच बाकावर बसून लिहिते आहे.

गोवरातून न्यूमोनिया झालाय, दोन्ही फुप्फुसांत. काल नाकातल्या नळीने दिलेला प्राणवायू पुरत होता, आज सकाळपासून पुरत नाही. श्वास मिनिटाला सत्तरच्या वर आहे. तिची छाती आत ओढली जाते ते तू पाहतेच आहेस, ते चांगलं लक्षण नाही. संध्याकाळपर्यंत फरक पडला नाही तर घशात नळी घालून तिला यंत्रावर ठेवतील. तेव्हा तिला झोपेचं औषध देतील, ती तुझ्याकडे बघणार नाही, रडणारही नाही. ते बघून घाबरू नकोस. हे शेवटचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. खोडत नाही, तसंच ठेवते, पण ते माझं आहे.

यंत्रासाठी तुझी सही लागेल. कागद आयाबाईंबरोबर आत पाठवते आहे. त्यात खाली बारीक अक्षरात लिहिलंय की नळी घालताना आणि नंतरही धोका असतो. ते आधी वाच. काही कळलं नाही तर मला चिठ्ठी टाक, मी पुन्हा त्यांना गाठीन.

त्या मंगळवारच्या खोलीतली आणखी तीन मुलं आजारी पडली. दोन घरीच आहेत. तिसरं इथेच आहे, तुझ्या पलीकडच्या खोलीत. त्याला कालपासून बरं आहे. लाल स्वेटरवाला बरा होऊन गेला. हे तू विचारलं नव्हतंस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयाची बरीच मुलं यातून निघतात आणि काही निघत नाहीत. ही त्यातली कुठली, ते आज सांगता येत नाही.

मी विचारलं, वाचेल ना? त्यांनी हो म्हटलं नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हाही हो म्हटलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर गेल्या.

एवढंच बोलणं झालं. यातलं मी काहीही गाळलेलं नाही.

ताई